तो लहान बगळा नव्हता

मिलिंद,

त्या सकाळी शिवडीच्या जेटीवर मी खोटं बोललो. “माझं नीट लक्ष नव्हतं,” असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. माझं पूर्ण लक्ष होतं. तो पक्षी जितका तुला दिसला तितकाच मला दिसला. त्याच्या बोटांचा पिवळा रंग बोटांवर थांबलेला नव्हता, पुढच्या बाजूने पायावर चांगला वर चढला होता, हेही मी पाहिलं. पाहिलं आणि गिळलं. तू होतास तोवर ते घशाखालीच राहिलं.

तुझ्याविषयी गोड लिहिणार नाही. तू प्रेमळ होतास, सर्वांना सांभाळून घ्यायचास वगैरे या आठवड्यात बऱ्याच जणांनी सांगितलं. ऐकताना मला वाटत होतं, हे नक्की कोणाबद्दल चाललंय? तू तर माणसांना नाकाच्या शेंड्यावरून बघायचास. आपली मैत्रीच मुळी दुसऱ्यांना नावं ठेवण्यावर उभी राहिली. करी रोडच्या शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हा मास्तरांना नावं ठेवायचो. पन्नाशीकडे झुकल्यावर शिवडीच्या जेटीवर उभं राहून फ्लेमिंगो बघायला आलेल्यांना नावं ठेवायला लागलो.

पहिल्यांदा मला तिथे घेऊन गेलास तेव्हा मीही त्यांच्यातलाच होतो. समोर गुलाबी थवा, मागे तो अर्धवट बांधलेला सागरी पूल, आणि मी मोबाइल काढून उभा. तू माझ्या खांद्यावर टपली मारलीस.

“गुलाबी आहे, उंच आहे, चोच वाकडी आहे. यात ओळखायचं काय रे, अव्या? हे आंधळ्यालापण ओळखता येईल. डावीकडे बघ. ते पांढरे किती प्रकारचे आहेत ते सांग.”

“बगळे आहेत.”

“बगळे आहेत!” तू माझी नक्कल केलीस. “पुढच्या वेळी येताना डोळे घेऊन ये.”

रंगांच्या कंपनीत तू केमिस्ट. दिवसभर प्रयोगशाळेत बसून छटा जुळवायचास, आणि पांढऱ्यातल्या छटांवर तर तासभर बोलायचास: हा साईकडे झुकतो, हा निळ्याकडे, हा ट्यूबलाइटखाली राखाडी पडतो. मला वाटलं, बगळेही तू असेच ओळखत असशील. तर उलटंच निघालं. “इथे आल्यावर पांढरा आधी विसरायचा,” तू म्हणालास. “पांढरा सगळ्यांचाच आहे. त्यावरून काही कळत नाही. चोच बघ, तोंडाची रेघ बघ, पाय बघ.”

मग तू शिकवलंस. शिकवलंस म्हणजे वर्षभर अपमान केलास. शिवाजी पार्कात गवत कापणाऱ्या माणसाच्या मागे मागे फिरतो तो गायबगळा: आखूड मान, पिवळी चोच, गाल सुजल्यासारखे. चोच काळी, पाय काळे आणि बोटं मात्र पिवळी, जणू काळ्या पँटखाली पिवळे मोजे घातलेत, तो लहान बगळा. मोठा आणि मध्यम यांत घोळ व्हायचा. तिथे तू तोंडाच्या रेघेवर अडून बसायचास. रेघ डोळ्याच्या मागे गेली तर मोठा, डोळ्याखाली संपली तर मध्यम. मला इतक्या लांबून ती रेघ दिसायची नाही, म्हणून मी मानेवर जायचो. मोठ्याची मान मध्येच मोडल्यासारखी दिसते ना! तू मला ‘मानेवाला’ म्हणायचास, एखाद्याला ‘पाकीटमार’ म्हणावं तशा आवाजात.

आणि शेवटचा समुद्रबगळा. हा बहुतेक वेळा पाटीच्या दगडासारखा काळसर असतो, तेव्हा त्याला कोणीही ओळखेल. पण काही समुद्रबगळे पांढरेच असतात, आणि असा एखादा चिखलात उभा असला की थेट लहान बगळाच. फरक दोन. चोच जाड, मातकट-पिवळसर आणि टोकाकडे किंचित झुकलेली. आणि बोटांचा पिवळा रंग पायावर वर चढलेला. पण शिवडीचा चिखल काळा, तेलकट. त्यात उभ्या असलेल्या कुठल्याच बगळ्याचे पाय दिसत नाहीत. मोजे काय नि पँट काय, सगळं एकच. म्हणून तुझा नियम होता: घाईने नाव द्यायचं नाही. पक्षी कधी ना कधी पाण्याच्या ओहळात उतरतो, बाहेर येतो, तेव्हा पाय दिसतात.

“पाय धुवेपर्यंत थांब,” तू म्हणायचास. मी कंटाळून दुर्बीण खाली केली की पुन्हा म्हणायचास, “थांब ना रे. तुला काय फ्लेमिंगो बघायला जायचंय?”

मला जायचं होतं, मिलिंद. ते तुला ठाऊक होतं.

कर्णिक सरांच्या पक्षी मंडळात मला तूच नेलंस, पण तिथे रमलो मी. तुला ती माणसं सहन व्हायची नाहीत, आणि आज लिहिताना मलाही होत नाहीत. चिखलाचा रंग काळा, आणि हे जंगलात लपण्यासाठी शिवलेली हिरवी-तपकिरी ठिपक्यांची जाकिटं घालून यायचे. जाकिटाला इतके खिसे की स्वतःचीच चावी त्यांना सापडायची नाही. दुधाच्या कॅनएवढ्या लेन्स घेऊन गाडीतून उतरायचे आणि पहिलं वाक्य वासाबद्दल. पक्ष्यांच्या मोजणीच्या दिवशी फ्लेमिंगोंच्या आकड्यावरून भांडायचे, आणि सगळे बगळे एकाच रकान्यात ढकलायचे. तू ते वेगळे काढायला सांगितलंस तेव्हा कर्णिक सर हसून म्हणाले, “बगळा तो बगळाच हो, मिलिंदजी.” शिवाजी पार्कला राहणारे, निवृत्त, मऊ आवाजात बोलणारे गृहस्थ. त्यांनी तुला पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं. मग करी रोडची कुठली चाळ, तेही विचारलं. त्यानंतर जातीचा शब्द कधी काढला नाही. विचारायचं राहिलं काय होतं? मी दुसऱ्या आडनावाचा, कोकणातला. माझी चाळ त्यांनी विचारली नाही. हे मी तेव्हाच टिपलं होतं, आणि टिपूनही त्यांच्या पुढे पुढे करत राहिलो.

मंडळाचा एक नियम होता. वेगळा पक्षी नोंदवायचा तर फोटो हवा, नाहीतर सोबतच्या दुसऱ्या माणसाने ‘मीही पाहिला’ असं सांगायला हवं. कॅमेऱ्याचा तुला तिरस्कार. “फोटो काढणारा बघत नाही, तो फक्त घरी नेतो,” म्हणायचास. म्हणजे तुझ्या बाबतीत दुसरा माणूस मीच.

त्या मोजणीच्या सकाळी ओहोटी होती. मोडक्या होडीपाशी एक पांढरा बगळा गुडघाभर चिखलात उभा होता. मी लहान म्हणून मोकळा झालो. तू दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाहीस. “चोच बघ. थांब.” आपण थांबलो. माझी मान भाजून निघाली. जेटीकडून मंडळींच्या हसण्याचे आवाज येत होते, इडल्यांचे डबे उघडल्याचा वास येत होता. तो पक्षी एकाएकी पंख उघडून धावला, ओहळात शिरला, काहीतरी टिपलं आणि होडीच्या फळीवर चढून उभा राहिला. पाय निथळत होते. पिवळा रंग वर चढलेला होता. तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की घड्याळाचा पट्टा रुतला.

“दिसलं?”

“दिसलं,” मी म्हणालो.

तू हसलास. लहान पोरासारखा हसलास. तुझा तो चेहरा मी इतक्या वर्षांत फार कमी वेळा पाहिलाय.

मग आपण जेटीवर आलो आणि तू सांगितलंस. कर्णिक सरांनी इडलीचा घास संपवला.

“फोटो?”

“नाही.”

“मग कसं करायचं, मिलिंदजी? पांढरा समुद्रबगळा म्हणजे... चिखलाचा डाग असेल हो पिवळट.”

मंडळाच्या टोप्या घातलेले सगळे हसले. त्याच सकाळी त्यांच्यातल्या एकाने ससाणा नोंदवला होता. फोटो नव्हता, सोबत कोणी नव्हतं. ‘साहेबांची नजर पक्की आहे’ म्हणून तो लिहूनही झाला होता. तू त्याच्याकडे बोट दाखवून म्हणालास, “म्हणजे यांचा नुसता शब्द पुरतो, आणि माझ्या शब्दाला फोटो लागतो.”

सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, “अविनाश, तुम्ही होतात ना बरोबर?”

इथे मला खरं लिहायला हवं. पुढच्या महिन्यापासून नवशिक्यांना फिरवायचं काम मला देणार असल्याचं सरांनी दोनच दिवसांपूर्वी सांगितलं होतं, आणि मी त्या आनंदात होतो. पण तेवढ्यासाठी मी खोटं बोललो असं म्हटलं तर मी स्वतःला स्वस्तात सोडतोय. मूळ कारण त्याहून हलकं आहे. वर्षानुवर्षं तू मला मानेवाला म्हणत होतास. तू नेहमी बरोबर असायचास. एकदा, फक्त एकदा, तू सगळ्यांसमोर चुकीचा ठरावास असं मला वाटलं. विम्याच्या कचेरीत मी लोकांचे दावे तपासतो. ज्याच्याजवळ कागद नाही त्याचा चेहरा कसा पडतो ते रोज बघतो. तुझा तसा पडलेला बघायचा होता मला.

“माझं नीट लक्ष नव्हतं, सर.”

तुझा चेहरा पडला नाही. तू माझ्याकडे पाहिलंस, ज्या शांतपणे त्या चोचीकडे पाहत होतास तसंच. मग म्हणालास, “ठीक आहे. लहान बगळा लिहा.” पिशवी खांद्याला लावलीस. “येतोस, अव्या?”

“थोडा थांबतो,” मी म्हणालो.

तू गोदामांच्या रस्त्याने एकटा गेलास, आणि मी मागे राहून इडली खाल्ली.

त्यानंतर तू मोजणीला आला नाहीस. माझ्याकडे मात्र येत राहिलास, आणि हे मला जास्त जड गेलं. त्या सकाळचा उल्लेख तू कधी केला नाहीस. मी नवशिक्यांना फिरवायला लागलो. मंडळाची टोपी मिळाली. “हा लहान बगळा, याचे पिवळे मोजे बघा,” असं मी म्हटलं की लोक हसायचे, आणि मोजे हा शब्द तुझा आहे हे मी कोणाला सांगितलं नाही. चोरीचा माल विकणाऱ्यालाही थोडी भीती असते. मला तीही नव्हती.

बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तू जायच्या आदल्या आठवड्यात आपण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो होतो. मी ठरवून आलो होतो. तेवढ्यात वरून एक बगळा समुद्राकडे गेला.

“मध्यम,” मी म्हणालो.

“मोठा होता.”

“मान बघितलीस का?”

“उडताना मान दुमडलेली असते रे, मानेवाल्या! तू काय बघितलंस?”

“मध्यमच होता.”

“तुला सगळीकडे मध्यमच दिसणार. रोज आरशात बघायची सवय ना.”

मी चिडलो. इतका चिडलो की बोलायला आणलेलं सगळं परत घेऊन घरी गेलो. घरी फोन करून तुला सांगणार होतो की मोठ्याचे पंख इतके भराभर हलत नाहीत. तोही वाद तसाच राहिला. आता त्या बगळ्याचं काय करायचं, सांग.

तू गेल्याची बातमी आली तेव्हा मी ऑफिसात कोणाच्या तरी दाव्यावर ‘पुरावा अपुरा’ असा शेरा मारत होतो. हृदय थांबलं म्हणाले. एवढंच.

दोन दिवसांनी तुझ्या घरी आलो. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या त्या टॉवरमध्ये, तुझ्या त्या घरात जिथल्या खिडकीतून परळच्या काचेच्या इमारतींशिवाय काही दिसत नाही, म्हणून तू खिडकीकडे पाठ करून बसायचास. वंदनावहिनींनी तुझी खुर्ची मला दिली नाही. वेताच्या मोड्यावर बसवलं. चहा दिला. मी म्हणालो, “वहिनी, मला एक सांगायचंय. त्या मोजणीच्या दिवशी...”

“तुम्ही पाहिला होता,” त्या म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला.

“त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं त्यानं. अव्यानं पाहिला, म्हणाला. मी म्हटलं, मग बोलला का नाही तोंडानं? तर म्हणतो कसा, अजून चिखलात उभा आहे. पाय धुवेपर्यंत थांबू.” त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत. सरळ माझ्याकडे बघत होत्या. “मी त्याला चिडवायची, किती वर्षं थांबणार आहेस? तुमची टोपी पाहिली की मला राग यायचा. त्याला नाही यायचा. मला यायचा.”

मिलिंद, मी तिथून निघालो तेव्हा रडत नव्हतो. मला तुझा संताप आला होता. ज्या माणसाने चुकीचा जिना दाखवला म्हणून लिफ्टवाल्याला झापलं, रिक्षावाल्याशी रस्त्यावरून भांडण काढलं, त्याने माझ्या एका खोट्याला इतक्या सभ्यतेने का वागवलं? शिवी का नाही घातलीस? कट्ट्यावर कानाखाली का नाही मारलीस? तू मला एक पक्षी समजून दुर्बिणीतून बघत राहिलास. माणूस म्हणून माझी लायकी तेवढीही नव्हती. चालत चालत लालबागपर्यंत आलो तेव्हा कळलं, की तू आयुष्यात ज्यांच्यासाठी थांबलास अशा गोष्टी फार थोड्या होत्या. त्यातला एक मी होतो. याहून मोठी मेहेरबानी कोणी माझ्यावर केलेली नाही, आणि मी ती टोपीखाली झाकून फिरलो.

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं, इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं. सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत. तू असतास तर माझ्या कानात म्हणाला असतास, आता ओळख बघू कोण कोणता. मेणबत्त्यांच्या मागे तुझा फोटो होता आणि त्याच्या मागे मंडळाने करून आणलेलं भलंमोठं फ्लेक्स. ‘पक्षिमित्रास आदरांजली’. त्यावर तू, आणि तुझ्या डोक्याभोवती गुलाबी फ्लेमिंगोंचा थवा.

तुझी लेक सई माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. “काका, बाबांच्या मागे फ्लेमिंगो कोणी टाकले?”

“मंडळाने.”

“बाबा उठून बसतील.”

तुझ्यानंतर मी पहिल्यांदा हसलो. मग बोलणाऱ्यांची रांग लागली. कंपनीतले बोलले, तुझ्या आत्याबाई बोलल्या, शाळेतला एक बोलला. शेवटी कर्णिक सर उठले. मऊ आवाजात म्हणाले, “मिलिंदजींचा उत्साह दांडगा. कधी कधी तर लहान बगळ्यातही त्यांना समुद्रबगळा दिसायचा. पण मन? मन मात्र मोठं.” टोप्यांच्या ओळीतून ते जुनंच हसू आलं. मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर, त्याच्या बायकोसमोर. त्यांना वाईट वाटलं नाही, कारण ते प्रेमाने बोलत होते. अशा प्रेमाची मला किळस आली. आणि ते प्रेम त्यांना बिनधास्त करता यावं म्हणून लागणारं वाक्य मीच त्यांना पुरवलं होतं.

मी उठलो. माइक हातात घेतला तेव्हा तो शिट्टीसारखा वाजला.

“बगळ्यांबद्दल बोलतो,” मी म्हणालो.

“कशाबद्दल?” आत्याबाईंनी मागून मोठ्याने विचारलं.

“बगळ्यांबद्दल, आत्या. पांढरे बगळे सगळे सारखे दिसतात, पण सारखे नसतात. हे मला मिलिंदने शिकवलं.” आणि मी तुझ्यासारखं सांगितलं. पिवळ्या मोज्यांचं सांगितलं, आणि मोजे हा शब्द तुझा आहे हेही सांगितलं. चिखल सांगितला. पाय का दिसत नाहीत ते सांगितलं. कंपनीतल्या माणसांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण ती ऐकत होती. मग होडीच्या फळीपर्यंत आलो.

“अविनाश,” कर्णिक सर हळूच म्हणाले, “ही वेळ आहे का?”

“हीच आहे, सर. तुम्ही तेव्हा मला सगळ्यांसमोर विचारलं होतंत. उत्तरही सगळ्यांसमोरच द्यायला हवं. तो लहान बगळा नव्हता. पायाचा पिवळा रंग वर चढलेला होता. माझं लक्ष होतं. मी खोटं बोललो.”

सर चष्मा पुसायला लागले. मी वहिनींकडे पाहिलं. त्या हलल्या नाहीत. सईने त्यांचा हात धरला होता. मग मी तुझ्याकडे वळलो, त्या गुलाबी थव्याच्या मध्ये नाइलाजाने हसणाऱ्या तुझ्याकडे. माइक खाली ठेवला, कारण पुढचं त्यांच्यासाठी नव्हतं. पण हॉलमध्ये इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं असणार.

“मिल्या, तू मनगट धरून विचारलंस तेव्हा ‘दिसलं’ म्हणालो, आणि त्यांनी विचारलं तेव्हा नाही म्हणालो. तुला एकट्याला जाऊ दिलं. मला माफ कर.”